निळ्या दोऱ्याच्या व्हाणा

या सदरातल्या गोष्टी मी गेली काही वर्षं वाचतो आणि वाचून झाल्या की बायकोला म्हणतो, यातले अर्धे लोक पिऊन लिहितात आणि उरलेले अर्धे त्यांचं वाचून लिहितात. पांढऱ्या साडीतली बाई, मागून हाक मारणारा माणूस, बंद खोलीतला वास... पान उलटायच्या आधी पुढचं मी सांगू शकतो. मी मीठ विकून वर आलेला माणूस आहे. समोरचा दर सांगायला तोंड उघडतो तेव्हाच तो किती खोटं बोलणार आहे ते मला कळतं. दिसणारी वस्तूही मी हातात घेऊन, चाखून, घासाघीस केल्याशिवाय घेत नाही, मग न दिसणारी कशाला घेईन? तेव्हा माझ्यावर विश्वास ठेवा असं मी म्हणणार नाही. मी तुमच्या जागी असतो तर ठेवला नसता.

माझं गाव पेडणे तालुक्यात, आगरवाड्याच्या बाजूला. खाडीच्या काठाला आमचं मिठागर आहे, आम्ही त्याला आगर म्हणतो. वडील दुसऱ्याच्या आगरात मजूर होते. मी सोळाव्या वर्षी सायकलच्या कॅरियरला गोणी बांधून डिचोली, वाळपईपर्यंत दारोदार मीठ विकलं. पावशेर मिठासाठी अर्धा तास हुज्जत घालणाऱ्या बायकांनी मला व्यापार शिकवला. आज ज्या आगरात वडील राबले ते आगर माझं आहे, गोदाम आहे, दोन टेम्पो आहेत. कुणी दिलं नाही. सगळं ओरडून, भांडून, घासून घेतलं.

आगराच्या टोकाला मानस आहे, म्हणजे खाडीचं पाणी आत घ्यायची लाकडी झडप. तिच्या बाजूला बांधावर एक दगड आहे, तो आमचा राखणदार. रात्री तो हातात काठी घेऊन बांधावरून फिरतो, कुठे फुटला तर थोपवतो, वाट चुकलेल्याला घरी पोचवतो, असं लोक म्हणतात. त्याला दरवर्षी पाणी आत घ्यायच्या आधी रोट, नारळ, विडी आणि चामड्याच्या नव्या व्हाणा द्यायच्या. वर्षभर चालून जुन्या झिजतात म्हणे. झिजलेल्या मी पाहिल्या आहेत. पावसात चार महिने उघड्यावर चामडं ठेवलं, वरून कुत्री, खेकडे... झिजणार नाही तर काय होणार?

गेल्या वर्षी पेडण्याच्या चांभाराने व्हाणांचा भाव वाढवून सांगितला. मी भडकलो. तो म्हणाला, शेट, देवाच्या व्हाणा आहेत, त्यात कसली घासाघीस. हे वाक्य मला ऐकवलं की माझं डोकं फिरतं. देवाच्या नावावर जो भाव वाढवतो त्याला मी चोर म्हणतो, आणि त्यालाही तसंच म्हटलं, चार गिऱ्हाइकांसमोर. घरी आलो, माळ्यावरून माझ्याच जुन्या व्हाणा काढल्या, त्यांना तेल चोळलं. डाव्या पायाचा पट्टा तुटला होता, तो गोणी शिवायच्या निळ्या नायलॉनच्या दोऱ्याने मीच शिवला. सहा टाके, शेवटचा वाकडा. लांबून अगदी नव्या वाटत होत्या.

वासू माझ्याकडे वीस वर्षं आगरात आहे, राखणदाराला गाऱ्हाणं, म्हणजे मागणं, तोच घालतो. त्याने व्हाणा उलट्या करून तळवा बघितला आणि हळूच म्हणाला, "शेट, ह्या तळव्यार तो कितको चलतलो?"

मी म्हटलं, "ह्या बांधार चललो म्हणजे झाला. तेका काय कॅनडाक जावचा आसा?"

वासू हसला नाही. त्याने गाऱ्हाणं घातलं, त्यात नेहमीसारखं मुलाबाळांना सांभाळ म्हणाला, परमुलखात असतील त्यांनाही सांभाळ म्हणाला. ते त्याने मुद्दाम म्हटलं हे मला कळलं. कारण कॅनडाला माझी मुलगी होती, आणि तिसऱ्या दिवशी मी तिकडे निघणार होतो.

गौतमी माझी एकुलती एक. केमिस्ट्री घेऊन एम.एस्सी. झाली तेव्हा मीच म्हटलं, बाय, आपल्या मिठाची पिशवी काढूया, आपल्या नावाची. तीही हो म्हणाली. मी गोदामाला लागून शेड बांधली. पत्रे, लाद्या, पाण्याचे नळ, तिला बसायला टेबल, खिडकीला जाळी. तिच्या नावाची पाटी रंगवून घेतली. पाटी लावायच्या आधी तिने सावंतवाडीच्या निखिलशी लग्न ठरवलं आणि वर्षभरात दोघं माँट्रियलला गेली. शेड अजून आहे. कुलूपही तेच आहे. मोपाचा विमानतळ झाल्यापासून दिल्लीची माणसं दर आठवड्याला येऊन ती शेड, ते आगर विकत मागतात. मी त्यांना बसायलासुद्धा सांगत नाही. पण तीन वर्षं गौतमीशी मी फोनवर 'जेवलीस काय' याच्यापुढे बोललो नव्हतो.

तिला सातवा महिना लागला होता. बाळंतपणाला तिची आई जाणार होतीच, पण निखिलने मध्येच मला तिकीट पाठवलं, दहा दिवसांचं. बायको म्हणाली, जावन येवा, नायतर नातवंडाच्या बारशाकसुद्धा तुमचा तोंड वाकडाच ऱ्हवतला. म्हणून गेलो. फिरायला म्हणून काही नाही.

आता त्या शहराविषयी. लोक परदेशातून येऊन स्वर्ग बघितल्यासारखं बोलतात, म्हणून मुद्दाम सांगतो.

माँट्रियलमध्ये दोन भाषा आहेत, फ्रेंच आणि इंग्रजी. दुकानात शिरलात की पोरगी म्हणते, 'बाँझूर-हाय', एका श्वासात. तुम्ही कुठल्या भाषेत उत्तर देता त्यावरून ती ठरवते तुमच्याशी कशात बोलायचं. मी दोन्हीत दिलं नाही, मी भाव विचारला. भाव कमी करायचं तिला कुठल्याच भाषेत येत नव्हतं. दोन भाषा शिकून एवढा साधा शब्द शिकली नाही, तर काय उपयोग? आमच्याकडे कोकणी-मराठीवरून माणसं एकमेकांचं तोंड बघत नाहीत, तशीच तिथेही आहेत. पाटीवर फ्रेंच अक्षरं मोठी, इंग्रजी बारीक, आणि म्हणे त्याचाही कायदा आहे. रस्त्यावर थांबा म्हणून जो लाल फलक असतो तोसुद्धा फ्रेंचमध्ये. ज्याला कळणार नाही त्याने मरायचं की काय?

पाव बघितला. फुकणीएवढा लांब आणि तितकाच कडक. एके ठिकाणी थंडीत वीस माणसं रांगेत उभी होती. मला वाटलं काही फुकट वाटतात. जवळ जाऊन बघतो तर आमचा पोदेर, म्हणजे पाववाला, सकाळी सायकलवरून आणतो ती काकणं. मधे भोक, वर तीळ, बस्स. त्याला ते बेगल म्हणतात आणि फोटो काढून खातात. बाजारात एक म्हातारा मेपल नावाच्या झाडाचा आटवलेला रस विकत होता. झाडाला भोक पाडून रस काढायचा आणि उकळायचा. आमचा रेंदेर जन्मभर माडावर चढून हेच करतो, त्याला कोणी डब्यावर चित्र छापून दिलं नाही. मी त्या म्हाताऱ्याला अर्धा भाव सांगितला. तो हसला. मी निघून जायला लागलो, पन्नास पावलं गेलो, मागे वळून बघितलं, तो दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत होता. साधी रीत नाही. गिऱ्हाईक पाठ फिरवतं तेव्हा हाक मारायची असते.

पण खरा संताप आला तो रस्त्यावर. तिथे बर्फ वितळायला रस्त्यावर मीठ टाकतात. गाडीतून, टनावारी. लोक बूट घालून त्या मिठावरून चालतात, कुत्र्यांना फिरवतात. बुटांवर पांढऱ्या रेघा उठतात आणि त्या रेघा पुसायला परत वेगळं औषध विकतात. आमच्या घरात मीठ सांडलं तर आई म्हणायची, मेल्यावर पापण्यांनी वेचावं लागेल. पायाखाली मीठ आलं तर आजही मी आधी वाकून नमस्कार करतो. ज्याच्यावर मी वर आलो ते हे लोक बुटाखाली...

गौतमीच्या घराच्या पायरीशी एक प्लास्टिकची बादली होती, त्यात ते मीठ. मी सवयीने चिमूट जिभेवर ठेवली. आमचं मीठ आधी खारट लागतं आणि मग मागून किंचित गोड. हे कडू होतं आणि जिभेला उन्हात तापलेल्या पत्र्यासारखा चटका बसला. दातांखाली कचकच बारीक खडी. गौतमी दारातून म्हणाली, बाबा, थुंका ते, त्यात कॅल्शियमचा क्षार असतो. इतक्या वर्षांत तिच्या केमिस्ट्रीचा मला झालेला तेवढाच उपयोग.

आता घराची रचना नीट लक्षात घ्या, पुढे लागेल. तिथल्या जुन्या घरांचे जिने घराबाहेर असतात, लोखंडी, वळणाचे. थंडीच्या देशात जिना बाहेर ठेवायची अक्कल कुणाची, देव जाणे. गौतमी वरच्या मजल्यावर राहायची. पुढच्या बाजूला रस्त्यावर उतरणारा एक जिना आणि स्वयंपाकघराच्या मागे दुसरा, तो पाठीमागच्या अरुंद गल्लीत उतरायचा. गल्लीला दोन्ही बाजूंनी लाकडी कुंपणं. मी तो मागचा जिना फक्त काचेतून पाहिला होता. खाली गल्लीत एकदाही उतरलो नव्हतो.

सहाव्या दिवशी पहाटेपासून पाऊस पडला आणि पडता पडता गोठला. झाडं, तारा, पायऱ्या, सगळ्याला काचेचा लेप. निखिल कामावर निघताना मला म्हणाला, बाबा, मागच्या-पुढच्या दोन्ही जिन्यांवर दोन-दोन मुठी मीठ टाका, आज पाय सरकेल. मी हो म्हटलं. पुढच्या जिन्यावर त्याने जाता जाता स्वतःच टाकलं. मागच्या जिन्यावर मी टाकलं नाही.

विसरलो नव्हतो. बादली हातात घेऊन उभा होतो. पायरीवर मीठ फेकायला हात उचलला नाही, एवढंच. मागून कोण जातंय, असं म्हणून बादली ठेवून दिली. ही गोष्ट मी निखिलला अजून सांगितलेली नाही. इथे वाचेल तर वाचो.

दहा-साडेदहाला चहा पिताना गौतमी म्हणाली, "बाबा, ता आगर आता इकून टाका. तुमका एकट्याक जमणा नाय." तिने ते काळजीने म्हटलं असेल. मला मात्र त्यात दिल्लीवाल्यांचा आवाज ऐकू आला. मी शेड काढली, पाटी काढली, तिच्या शिक्षणावर मी काय काय केलं ते सगळं काढलं. ती ऐकत होती, पोटावर हात ठेवून. शेवटी म्हणाली की पाटी रंगवायच्या आधी एकदा तरी मला विचारलंत का, मला काय करायचंय ते? खरं आहे, विचारलं नव्हतं. पण खरं ऐकून मी कधी गप्प बसलो आहे? मी कोट घातला आणि दारातून तिला म्हटलं, "तुझ्या पोराक सांग, आजो मेलो म्हणान."

आणि पुढच्या जिन्याने उतरून चालू लागलो.

फोन चार्जिंगला राहिला हे दोन वळणं गेल्यावर लक्षात आलं. परत जाणं शक्य नव्हतं. म्हणजे पायांना शक्य होतं, मला नव्हतं. तेवढ्यात बर्फ सुरू झाला. आभाळातून कापूस पिंजून टाकल्यासारखा, दिवसाढवळ्या समोरचं घर दिसेना. प्रत्येक घराला तसलाच वाकडा जिना. पाटीवरचं वाचता येत नव्हतं, आणि वाचता आलं असतं तरी पत्ता कुठे पाठ होता? एका बाईला माझ्या इंग्रजीत विचारलं, तिने फ्रेंचमध्ये उत्तर दिलं. एका माणसाने इंग्रजीत विचारलं, तुम्हाला कुठे जायचंय? मला एवढंच सांगता आलं की हिरवं दार आहे. तो माझ्याकडे बघत राहिला. साठीला आलेला, दोन टेम्पोंचा मालक, रस्त्यात उभा राहून हिरवं दार सांगतोय. पाऊण तास झाला असेल. कान दुखायचे थांबले होते आणि ते चांगलं लक्षण नाही एवढं मला कळत होतं.

मग आवाज आला. ठक्. थोड्या वेळाने परत, ठक्. बर्फावर काठी टेकल्याचा. दहा-पंधरा हातांवर एक माणूस चालला होता. डोक्यावरून पाठीवर काळं कांबळं, हातात त्याच्याहून उंच काठी. तिथे रस्त्यावर राहणारी माणसं असतात, पांघरुणं घेऊन फिरतात. मला वाटलं, त्यातलाच कुणी. माझ्या मनात आलं, एवढा श्रीमंत देश आणि ही दशा. तेवढ्यात तो न वळता म्हणाला, "माझ्या फाटसून ये."

आमच्या भाषेत. आमच्या गावच्या हेलात. पेडण्याचा माणूस आणि सावंतवाडीचा माणूस बोलताना मला पाच शब्दांत ओळखू येतो. हा पेडण्याचा होता.

मी घाबरलो नाही, हे खरं सांगतो. मला बरं वाटलं. आपली माणसं कुठे नाहीत? मी त्याच्या मागे चालत विचारायला लागलो, गाव खंयचो, कुणाचो तू, हंय काय करतंस. तो काठी टेकत पुढे चालत राहिला. मग माझ्या स्वभावाप्रमाणे मी विचारलं की घरापर्यंत पोचवायचे काय घेणार. आधी ठरवलेलं बरं. फक्त ठक्... ठक्.

एका वळणावर तो अरुंद गल्लीत शिरला. दोन्ही बाजूंना लाकडी कुंपणं, कचऱ्याचे डबे, माणूस नाही. मी थांबलो. मुलीचं घर मोठ्या रस्त्यावर आहे, या बोळात नाही, आणि कांबळं घेतलेल्या अनोळखी माणसामागे बोळात शिरायला मी खुळा नाही, असं त्याला स्पष्ट सांगितलं. मी येणार नाही म्हटलं. तोही थांबला. मान वळवली नाही. काठी तीनदा जमिनीवर आपटली, इतक्या जोरात की माझ्या तळपायाला कळली.

तेव्हा मी खाली बघितलं. एवढ्या थंडीत त्याच्या पायांत मोजे नव्हते, बूट नव्हते. चामड्याच्या व्हाणा होत्या, बर्फाच्या चिखलात भिजलेल्या. डाव्या पायाचा पट्टा निळ्या नायलॉनच्या दोऱ्याने शिवलेला होता. सहा टाके. शेवटचा वाकडा.

मी किती वेळ बघत राहिलो ते सांगता येणार नाही. मग कुंपणाच्या आतून आवाज आला. "बाबा."

कुंपणाचं फाटक मी लाथेने उघडलं. गौतमी मागच्या जिन्याच्या पायथ्याशी पडली होती. मला शोधायला निघाली होती. भुयारी रेल्वेच्या स्टेशनला मागच्या गल्लीतून जवळचा रस्ता आहे, मी रागाने तिकडेच गेलो असेन असं तिला वाटलं. शेवटच्या चार पायऱ्यांवरून घसरली. उजवा पाय अंगाखाली वाकडा झाला होता, फोन कुठेतरी बर्फात उडाला होता. अंगावर पातळ जॅकेट, ओठ निळे, दोन्ही हात पोटावर. मी घराबाहेर पडल्यावर दहा मिनिटांनी ती निघाली होती, म्हणजे अर्ध्या तासाच्या वर तिथे पडली होती. मागून कोण जातंय?

मी ओरडलो. कुठल्या भाषेत ते आठवत नाही, बहुतेक गावच्याच. खालच्या मजल्यावरची एक म्हातारी फ्रेंच बाई दार उघडून आली. तिला माझा एक शब्द कळला नसणार, पण तिने गौतमीवर गोधडी टाकली, अँब्युलन्सला फोन केला आणि माझ्या हातात गरम पाण्याची पिशवी दिली. पायरीवर बसून मी गौतमीचं डोकं मांडीवर घेतलं होतं. गल्लीकडे बघितलं तेव्हा कुणी नव्हतं. पावलांचे ठसे होते का, असं तुम्ही विचाराल. मीही ते बघितलंच असतं, पण स्ट्रेचर घेऊन आलेल्या चार माणसांनी सगळं तुडवलं आणि तासाभरात त्यावर वीतभर बर्फ पडला. पुरावा नाही.

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईने सगळं दोनदा सांगितलं, आधी फ्रेंचमध्ये, मग इंग्रजीत. दोन्ही वेळा माझं लक्ष नव्हतं. घोट्याचं हाड मोडलं होतं, ते जुळणार होतं. मग तिने गौतमीच्या पोटावर यंत्र लावलं आणि खोलीभर आवाज आला... घोडा पळावा तसा, धडधड धडधड. त्या शहरात मला न समजावता समजलेली तेवढी एकच गोष्ट. मी खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो.

थोड्या वेळाने गौतमी म्हणाली, "मग पोराक काय सांगू? आजो मेलो म्हणान सांगू?"

मी म्हटलं, "गप निज."

ती हसली. मग विचारलं की तुम्ही त्या गल्लीतून कसे आलात, तुम्हाला ती माहीतच नव्हती. मी म्हटलं, चुकून. तिने मान हलवली आणि म्हणाली की तुम्ही यायच्या जरा आधी मला ठोकल्याचा आवाज येत होता, तीन वेळा, कुणी बर्फ फोडत असेल असं वाटलं, म्हणून मी हाक मारली. नाहीतर झोप येत होती, बाबा. फार झोप येत होती.

मी तिला काही सांगितलं नाही. उरलेले चार दिवस मी रोज सकाळी दोन्ही जिन्यांवर मीठ टाकलं. प्रत्येक मूठ आधी कपाळाला लावून. शेजारची म्हातारी खिडकीतून बघायची. तिला काय वाटलं असेल ते वाटो.

इथपर्यंत मी स्वतःला समजावू शकत होतो. थंडीने डोकं बधिर झालं होतं, मनात अपराध होता, कुणी भटका माणूस असेल, बाकीचं मनाने रचलं असेल. त्या शहरात पेडण्याची किती माणसं आहेत ते निखिलकडून शोधून घेतलं, कांबळं घेऊन फिरणारा कुणी नाही म्हणतात. तरी असेल, आपल्याला काय माहीत? मी असंच ठरवून मोपाला उतरलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी आगरात गेलो. व्हाणा राखणदारासमोर होत्या, वासूने ठेवल्या होत्या तशाच, शेजारी शेजारी. मी उचलल्या. तळवे टाचांकडे पार गेले होते, बोट आरपार निघालं. तेरा-चौदा दिवसांत, आणि मधे पावसाचा थेंब नाही. निळे टाके शाबूत होते. चामड्यावर कडेने पांढरी रेघ उठली होती, लाटेच्या आकाराची, मी दहा दिवस त्या शहरातल्या प्रत्येक बुटावर बघितली तशी.

वासू मागे उभा होता. म्हणाला, खारी हवा शेट, आगरातलं मीठ चढलं असेल. कसलं मीठ? पाणी नुकतं आत घेतलेलं, पहिलं मीठ बसायला अजून महिना होता. शिवाय मी मीठवाला आहे. आगरात शेवटी उरणारं पाणीही कडू असतं, तेही मला ठाऊक आहे, पण ते उन्हाळ्यात, आता नाही. मी वासूला नारळ आणायला पाठवलं आणि कुणी बघत नाही असं पाहून त्या रेघेवर जीभ लावली.

कडू. मग तापल्या पत्र्याचा चटका. दातांखाली बारीक खडी.

मी घालून गेलो ते बूट माँट्रियलला निखिलकडेच ठेवून आलो आहे, माझ्या सामानातून ते मीठ आलं असेल असं कुणी म्हणू नये. मी जायच्या आधीपासून व्हाणा बांधावर होत्या, वासू रोज सकाळी तिथे दिवा लावतो आणि त्या रोज जागेवर होत्या असं तो सांगतो. मी त्याला का विचारतोय हे त्याने विचारलं नाही. माझ्याकडे याचा खुलासा नाही. कुणाकडे असेल तर कळवावा, पण मनाचे खेळ वगैरे मला सांगू नका. मनाला चव नसते.

माँट्रियलविषयी माझं मत आहे तेच आहे. काकणांसाठी रांग लावणारं गाव.

त्याच संध्याकाळी मी पेडण्याला त्या चांभाराकडे गेलो. त्याने मला बघून मान खाली घातली आणि ठोकत राहिला. मी म्हटलं, राखणदाराच्या व्हाणा करायच्या आहेत, यंदा दुसऱ्यांदा. तळव्याला चामड्याचे दोन थर घाल. आणि आतून लोकर लावता येते का?

तो म्हणाला, पेडण्यात लोकर कशाला, शेट?

मी म्हटलं, लावता येते की नाही तेवढं सांग.

येते म्हणाला. भाव सांगितला, मागच्या भांडणाचं व्याज धरून सांगितला हे मला कळत होतं. मी खिशातून पैसे काढून दिले. त्याने ते हातात तसेच धरले, मोजले नाहीत, माझ्या तोंडाकडे बघितलं.

"शेट," तो म्हणाला, "बरां आसा मां?"